चांदोबा नेमका कोणाचा? स्मरणरंजन, इतिहास आणि सोलापूरचे तीन भाषांतले बालपण

१/
समाजमाध्यमांवर दर काही दिवसांनी एक चित्र फिरत येते. अंधारे स्मशान, हातात तलवार घेतलेला राजा, त्याच्या खांद्यावर प्रेत. चित्राखाली साधारण एकाच आशयाचा मजकूर असतो: ज्यांना हे आठवते त्यांचे बालपण खरे, आजच्या मुलांच्या वाट्याला ते आलेच नाही. शेकडो लोक सहमतीची खूण करून पुढे जातात. हा थ्रेड त्या चित्रापाशी थोडा थांबतो आणि एक साधा प्रश्न विचारतो: हे बालपण नेमके कोणाचे होते?

२/
प्रश्न खोडसाळ नाही. ‘चांदोबा’, ‘इंद्रजाल कॉमिक्स’, ‘अमर चित्र कथा’, ‘किशोर’ यांच्याविषयीचा जिव्हाळा खरा आहे. परंतु स्मरणरंजन आणि इतिहास या दोन निराळ्या गोष्टी आहेत. स्मरणरंजन आवडते तेवढेच जपते. इतिहासाला मात्र अंक कोणी लिहिला, कोणी छापला, कोणी विकत घेतला आणि कोणाला तो घेता आला नाही, हेही विचारावे लागते. हे प्रश्न विचारण्यासाठी सोलापूरइतके योग्य शहर क्वचितच सापडेल.

३/
आधी मासिकाची जन्मकथा. जुलै १९४७ मध्ये, स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, मद्रासमध्ये बी. नागी रेड्डी आणि चक्रपाणी यांनी तेलुगू व तमिळ या दोन भाषांत मुलांचे मासिक सुरू केले. तेलुगूत ते ‘चंदमामा’, तमिळमध्ये ‘अंबुलिमामा’. पुढे कन्नड, हिंदी आणि इतर भाषा आल्या. मराठी आवृत्ती १९५२ मध्ये निघाली आणि तिचे नाव ठेवले गेले ‘चांदोबा’. म्हणजे महाराष्ट्राने आपले म्हणून जपलेले हे मासिक मूळचे तेलुगू-तमिळ, आणि छापले जाई मद्रासला.

४/
त्याची निर्मितीपद्धती समजून घेण्यासारखी आहे. कथा प्रामुख्याने तेलुगूत सिद्ध होत, मग त्यांचे अन्य भाषांत अनुवाद होत. चित्रे मात्र सर्व आवृत्त्यांना तीच. राजवाडा तोच, राक्षस तोच, पारावरची म्हातारी तीच. बदले ती फक्त अक्षरे. संस्थापक चित्रपटसृष्टीतलेही होते. ‘पाताळभैरवी’ (१९५१) आणि ‘मायाबजार’ (१९५७) हे गाजलेले पौराणिक-अद्भुत चित्रपट त्यांच्याच विजया संस्थेचे. ‘चांदोबा’तील भरजरी दरबार आणि मायावी महाल पडद्यावरच्या त्या दुनियेचे सख्खे शेजारी होते.

५/
आता सोलापूर. १८७७ मध्ये येथे कापडगिरणी सुरू झाली. लोकांच्या तोंडी ती ‘जुनी गिरणी’. गिरण्या आणि मागांच्या ओढीने तेलंगणातील पद्मशाली विणकर कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या येथे येत राहिली आणि शहराच्या पूर्व भागात स्थिरावली. दक्षिणेला अक्कलकोटच्या बाजूने कन्नड बोलणारी गावे आहेत. ज्यांच्या नावाने गड्ड्याची यात्रा भरते त्या सिद्धरामेश्वरांची वचने कन्नडमध्ये आहेत, तर नारळी पौर्णिमेला निघणारा मार्कंडेय महामुनींचा रथ तेलुगू विणकरांचा. मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू-दखनी एकाच बाजारात ऐकू येणारे हे शहर आहे.

६/
या शहरात एकाच महिन्याचा, एकाच चित्रांचा अंक एका घरी ‘चांदोबा’ म्हणून आणि शेजारच्या घरी ‘चंदमामा’ म्हणून वाचला जाऊ शकत होता. तेलुगू घरातले जे मूल मराठी शाळेत जाई, त्याच्यासाठी तर दोन्ही नावे आपलीच. आज मात्र ‘चांदोबा’च्या आठवणी लिहिल्या जातात तेव्हा त्या बहुधा ‘मराठी बालपण’ या शीर्षकाखाली लिहिल्या जातात. मराठी वाचकाचे प्रेम खरे आहे, मालकी मात्र सामाईक आहे. सोलापूरच्या मुलाला हे कोणी समजावून सांगण्याची गरज नसावी. ते त्याच्या गल्लीतच होते.

७/
दुसरी विस्मृती निर्मात्यांची. ‘चंदमामा’चे संपादन १९५२ पासून १९८० पर्यंत, म्हणजे मृत्यूपर्यंत, कोडवटिगंटी कुटुंबराव यांनी केले. ते तेलुगूतील मोठे कथाकार. मासिकातील कितीतरी मजकूर त्यांच्या हातून गेला, पण त्यावर त्यांचे नाव नसे. अद्भुतरम्य धारावाहिका लिहिणारे दासरी सुब्रह्मण्यम हेही वाचकांना बराच काळ नावाने अज्ञातच राहिले. त्या कथांना ओघवती, सोपी मराठी देणारे अनुवादक तर आठवणींच्या एकाही ओळीत येत नाहीत. ज्यांच्या भाषेवर मराठी मुले वाचायला शिकली, त्यांची नावे त्या मुलांना सांगता येत नाहीत.

८/
चित्रकारांचे भाग्य किंचित बरे, कारण चित्राच्या कोपऱ्यात सही असे: ‘चित्रा’, ‘वपा’, ‘शंकर’. विक्रम आणि वेताळाचे ते सर्वपरिचित चित्र शंकर यांच्या रेषेतले. त्यांचे पूर्ण नाव के. सी. शिवशंकरन. जन्म १९२४, निधन सप्टेंबर २०२०. पद्मश्री जाहीर झाली ती २०२१ मध्ये, मरणोत्तर. जे चित्र लाखो वेळा पुढे पाठवले गेले, त्याच्या कर्त्याला राष्ट्रीय सन्मान मिळायला त्याचे आयुष्य अपुरे पडले. चित्र पुढे पाठवताना खाली त्यांचे नाव लिहिण्यास फार वेळ लागत नाही.

९/
हा केवळ भारतीय दोष नाही. ब्रिटनमध्ये ‘डँडी’ (१९३७) आणि ‘बीनो’ (१९३८) या साप्ताहिकांवर कित्येक पिढ्या वाढल्या आणि तेथेही त्यांच्याविषयी अपार हळवेपणा आहे. त्यांच्या प्रकाशकाकडे चित्रकारांनी सही न करण्याचा प्रघात होता. डडली वॉटकिन्स यांना मिळालेली सहीची मुभा हा अपवाद. तेथील अभ्यासकांनी आणि हौशी संग्राहकांनी रेषेचे वळण ओळखून कोणते चित्र कोणाचे, याच्या याद्या नंतर तयार केल्या. हळवेपणाला अभ्यासाची जोड मिळाली की काय होते, त्याचे हे उदाहरण. मराठीत असे काम अजून मोठ्या प्रमाणावर व्हायचे आहे.

१०/
आता दुसरा वेताळ. मार्च १९६४ मध्ये मुंबईच्या बेनेट कोलमन संस्थेने ‘इंद्रजाल कॉमिक्स’ सुरू केली. तिचा मुख्य नायक ली फॉक या अमेरिकी लेखकाने १९३६ मध्ये निर्माण केलेला ‘फँटम’. मराठीत त्याचे नाव झाले ‘वेताळ’. एकाच कपाटात दोन वेताळ नांदू लागले. एक झाडाला लोंबकळणारा, राजाला कूटप्रश्न घालून पुन्हा झाडावर जाणारा. दुसरा घट्ट पोशाखातला, कवटीच्या गुहेत सिंहासनावर बसणारा, कवटीच्या अंगठीचा ठसा दुर्जनांच्या हनुवटीवर उमटवणारा.

११/
या दुसऱ्या वेताळाकडे इतिहासाच्या विद्यार्थ्याने नीट पाहायला हवे. कथा अशी: एका गोऱ्या घराण्यातील पुरुष पिढ्यान्‌पिढ्या जंगलावर देखरेख करतो, तेथील कृष्णवर्णीय जमाती त्याला अमर मानतात आणि न्याय त्याच्याच हातून मिळतो. ही साम्राज्याच्या काळातली कल्पना आहे. सोलापूरच्या संदर्भात तर ती अधिकच टोचावी. मे १९३० मध्ये याच शहरावर ब्रिटिशांनी मार्शल लॉ लादला. १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना फाशी दिली गेली. त्या पिढीची नातवंडे जंगलातल्या गोऱ्या न्यायाधीशावर लुब्ध झाली होती.

१२/
मग ती नातवंडे गुलाम मनोवृत्तीची होती काय? असा निष्कर्ष काढणे सोपे, आणि चुकीचे. भारतीय आवृत्तीने मूळ कथा जशीच्या तशी स्वीकारली नाही. भारताशी संबंध जोडला जाईल अशी नावे बदलली गेली: फँटमच्या देशाचे ‘बंगाली’ हे नाव ‘डेंकाली’ झाले, ‘सिंग’ चाच्यांचे ‘सिंगा’ झाले. आणि मराठी अनुवादाने तर नायकालाच ‘वेताळ’ केले. हा शब्द मराठी मुलासाठी परका नव्हता; वेताळपंचविशी आणि गावाच्या वेशीवरचा वेताळ त्यामागे उभे होते. मुलांनी परका नायक आपल्या भुतांच्या पंगतीत बसवून घेतला. वाचक मिळेल ते निमूटपणे गिळत नाही, हे या उदाहरणातून दिसते.

१३/
देशी नायकाची गरजही भासलीच. १९७६ मध्ये ‘इंद्रजाल’मधूनच आबिद सुरती यांचा ‘बहादूर’ आला: कुर्ता आणि जीन्स घातलेला, दरोडेखोरांशी लढणारा तरुण. त्याआधी १९६७ पासून अनंत पै यांच्या संपादनाखाली ‘अमर चित्र कथा’ निघू लागली होती. या मालिकेत सोलापूरचा एक सुपुत्रही नायक झाला: डॉ. द्वारकानाथ कोटणीस. जन्म सोलापूर, १९१०. १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले, युद्धभूमीवर जखमींची शुश्रूषा करत डिसेंबर १९४२ मध्ये तेथेच वारले. मुखवटा नाही, अंगठी नाही, गुहा नाही. त्यांचे जन्मघर आज सोलापुरात स्मारक म्हणून उभे आहे. वेताळाच्या आठवणींत रमणाऱ्यांनी ते एकदा पाहावे.

१४/
आता सर्वांत अवघड भाग: जे वाचत नव्हते त्यांचा. सोलापूर गिरण्यांबरोबरच यंत्रमागांचे आणि विड्यांचे शहर. विड्या वळण्याचे काम मुख्यतः स्त्रियांचे, आणि पाने घरी आणून केलेले. असे काम घरात आले की हाताखाली मुलेही येतात, त्यांतही मुली आधी. ज्या घरात हजार विड्यांचा हिशोब संध्याकाळी द्यायचा असतो, तेथे दुपारी अंक उघडून बसणे ही चैन असते. ‘आमच्या पिढीचे बालपण’ या शब्दांतील ‘आमच्या’मध्ये ही मुलगी धरलेली आहे काय? बहुतेक वेळा नाही. तिने वाचले नाही, म्हणून आज तिची आठवण फिरत नाही; आणि आठवण फिरत नाही, म्हणून ती त्या काळात नव्हतीच असे वाटू लागते.

१५/
तरीही वाचनाचे वर्तुळ विक्रीच्या आकड्यापेक्षा मोठे होते, हेही नोंदवले पाहिजे. एक अंक क्वचितच एकाने वाचला. तो भावंडांत फिरे, वाड्यात आणि चाळीत फिरे, वर्गात बाकाखालून जाई. भाड्याने पुस्तके देणारी छोटी दुकाने असत. उन्हाळ्याच्या सुटीत मुलेच घरच्या अंकांना पुठ्ठे घालून, क्रमांक टाकून आपले ‘वाचनालय’ थाटत. शेवटी अंक रद्दीत जाई आणि रद्दीच्या दुकानातून निम्म्याहून कमी दामात दुसऱ्या मुलाच्या हाती पडे. ज्या घराने अंक कधीच विकत घेतला नाही, तेथील मुलालाही विक्रम-वेताळ ठाऊक असे, तो या वाटेने.

१६/
एक भ्रमही दूर करायला हवा. ‘तेव्हाची मुले वाचत, आताची मुले पडद्याला चिकटतात’ हे वाक्य ऐकून असे वाटते की तेव्हाचे वडीलधारे मुलांच्या हाती कॉमिक्स पाहून आनंदत असतील. तसे नव्हते. चित्रांची पुस्तके म्हणजे अभ्यासाचा नाश, अशी ओरड तेव्हाही होती. ब्रिटनने तर भयकथांच्या कॉमिक्सना आवर घालण्यासाठी १९५५ मध्ये कायदाच केला. ज्या अंकांसाठी बोलणी खावी लागली, तेच अंक आज सुसंस्कृत बालपणाचा पुरावा म्हणून पुढे केले जातात. आजच्या मुलांना नावे ठेवण्यापूर्वी एवढी आठवण ठेवली तरी पुरे.

१७/
मग हे सारे संपले कसे? ‘इंद्रजाल’ ८०३ अंक काढून १९९० मध्ये थांबली. ‘चंदमामा’ १९९८ मध्ये बंद पडले, वर्षभराने पुन्हा उभे राहिले, २००७ मध्ये एका मुंबईच्या कंपनीकडे गेले आणि २०१३ च्या सुमारास कायमचे थांबले. कारण एकच नव्हते. दूरदर्शन घरोघरी पोहोचले होते, पाठोपाठ केबल वाहिन्या आल्या. कागद आणि वितरणाचा खर्च होता. इंग्रजी शाळांकडे वळलेल्या मध्यमवर्गाने मराठी मासिकांची वर्गणी सावकाश सोडली होती. शेवटचे कारण थोडे अप्रिय आहे. मासिक बंद पडल्याबद्दल हळहळणाऱ्या कितीतरी घरांनी ते बंद पडण्याच्या कितीतरी आधीच घेणे थांबवले होते.

१८/
याहून मोठी हानी पुढे झाली. नव्या मालकांच्या काळात ‘चंदमामा’चे जुने अंक अनेक भाषांत संकेतस्थळावर वाचायला ठेवले गेले होते. मासिक थांबल्यानंतर ते संकेतस्थळही नाहीसे झाले. जे उरले ते वाचकांमुळे. कोणी अंक वेळीच उतरवून ठेवले होते, कोणी घरचे अंक स्कॅन केले, कोणी ‘इंद्रजाल’चे क्रमांक लावत बसले. स्वामित्वहक्काच्या दृष्टीने यातले बरेच काम संदिग्ध आहे, हे मान्य केलेच पाहिजे. पण त्या हौशी हातांनी ते केले नसते तर आज चर्चा करायलाही काही उरले नसते.

१९/
भारतात कायदा नाही असे नाही. १९५४ च्या कायद्याने प्रकाशकांवर राष्ट्रीय ग्रंथालयासह चार ग्रंथालयांना पुस्तके पाठवण्याचे बंधन घातले. १९५६ मध्ये नियतकालिकेही त्यात आली. पण कागदावरचे बंधन आणि अभ्यासकाच्या हाती पडणारा अंक यांत फार अंतर आहे. मुलांची चित्रपुस्तके ही ‘टाकाऊ’ मानली गेली, आणि जे टाकाऊ मानले जाते त्याची मागणी कोणी करत नाही. ब्रिटिश लायब्ररीने २०१४ मध्ये आपल्या संग्रहातील कॉमिक्सचे मोठे प्रदर्शन भरवले. तेथे ती दुर्मीळ ग्रंथांच्या बरोबरीने जपली जातात. फरक प्रेमाचा नाही, नोंदीचा आहे.

२०/
आपल्याकडेही एक चांगले उदाहरण आहे. बालभारतीने नोव्हेंबर १९७१ मध्ये ‘किशोर’ सुरू केले. ते आजही निघते, आणि त्याचे जुने अंक संस्थेने स्वतः डिजिटल करून सर्वांना विनामूल्य वाचायला दिले आहेत. ‘किशोर’वर ‘चांदोबा’इतके हळवे लिहिले जात नाही. पण पन्नास वर्षांनंतर मराठी बालपणावर शोधनिबंध लिहू पाहणाऱ्याला ‘किशोर’ निश्चित सापडेल. ‘चांदोबा’बद्दल तसे ठामपणे म्हणता येत नाही. जे टिकले ते आठवणींमुळे टिकले नाही. कोणीतरी बसून एकेक पान स्कॅन केले म्हणून ते टिकले.

२१/
सोलापूरच्या तरुण अभ्यासकांपुढे म्हणून एक नेमके काम आहे. घरातल्या, नातलगांच्या, रद्दीच्या दुकानातल्या जुन्या अंकांची यादी करणे. वर्ष, महिना, भाषा, किंमत. मुखपृष्ठावर शाईने लिहिलेले नाव, शाळेचा शिक्का, भाड्याच्या दुकानाचा क्रमांक. एकाच महिन्याचा अंक मराठी, तेलुगू आणि कन्नडमध्ये सापडला तर तिन्ही शेजारी ठेवून अनुवादात काय बदलले ते पाहणे. आणि ज्यांनी वाचले नाही त्यांनाही विचारणे: तुमच्या दुपारी कशा जात? गड्ड्याला गेल्यावर काय पाहत होता? गोष्टी कोण सांगे, कोणत्या भाषेत? सोलापूर विद्यापीठात अशा संग्रहासाठी एक कपाट मिळाले तरी प्रारंभ होईल.

२२/
कोणी म्हणेल, एवढी चिकित्सा कशाला? जुने चित्र पाहून क्षणभर बरे वाटते, तेवढे राहू द्या. राहू द्यावेच; त्या आनंदावर कोणाचा आक्षेप असण्याचे कारण नाही. आक्षेप आहे तो त्या आनंदाला निकालपत्र बनवण्यावर: आमचे बालपण खरे, तुमचे खोटे. आजच्या दहा वर्षांच्या मुलालाही विशीत कशाची तरी हुरहुर लागेल, आणि तेव्हा त्याच्या खेळांचे आणि चित्रफितींचे काहीच मागे उरलेले नसेल, कारण त्या जपाव्यात असे आज कोणालाही वाटत नाही.

२३/
विक्रमादित्याची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. वेताळ प्रश्न विचारतो; उत्तर ठाऊक असून राजा गप्प राहिला तर त्याचे मस्तक फुटेल, आणि बोलला तर वेताळ पुन्हा झाडावर. राजा दर वेळी बोलतो आणि दर वेळी माघारी फिरून तेच ओझे खांद्यावर घेतो. जुन्या अंकांबाबत उत्तर आपल्यालाही ठाऊक आहे: ते अनेकांचे होते, अनेकांनी घडवले, अनेकांना मिळाले नाहीत, आणि आता ते नाहीसे होत आहेत. चित्र पुढे पाठवण्याआधी माळ्यावरचा पेटारा उघडावा. त्यात एखादा अंक असेल तर त्याची नोंद आजच करावी. पुढच्या रद्दीच्या फेरीला तो तेथे असेलच याची खात्री नाही.